खालची चाकोरी

काटेरी फांदी उचलून आत शिरलेल्या माणसानं ती परत जागच्या जागी नीट ठेवली. चोर असं करत नाहीत. म्हणून मला ओरडायला दोन सेकंद उशीर झाला.

"ओ! ओ दादा! कुठं निघालाय?"

त्यानं वळून बघितलं. निळं हेल्मेट, काळा गॉगल. "हाय!" म्हणाला आणि हात हलवला. त्याच्यासोबत एक ताई होती, पिवळ्या हेल्मेटवाली. तिनंही हात हलवला. मग दोघांनी आपापल्या जाड टायरच्या सायकलींवर टांग मारली आणि पालथ्या डोंगराच्या बंद वाटेनं खाली सुटले.

मी ओल्या शेंगा खात बसले होते. तोंडातले दाणे तसेच राहिले.

ही गोष्ट मी आठवीत असतानाची. आता मी अकरावीत आहे आणि आमच्या कॉलेजात माझी ओळख 'ती सायकलवाली अक्षदा' अशीच आहे. पण त्या दिवसापर्यंत मला कुणी कशावरूनच ओळखत नव्हतं. सहावीपर्यंत तर मला सायकल येतच नव्हती. सातवीत शिकले, आठवीत शाळेकडून सायकल मिळाली, आणि दोन महिन्यांत आमच्या रस्त्यावरची सगळी पोरं माझ्या मागं पडायला लागली. डोक्यात नुसती हवा भरली होती माझ्या, खोटं कशाला बोलू!

तर पालथा डोंगर. आमच्या वेळूच्या वाडीत गवत राखायची रीत आहे. नागपंचमीला डोंगराच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या पडतात, त्यांना लाल चिंधी बांधतात, आणि तिथून दसऱ्यापर्यंत डोंगर बंद. शेळी नाही, गाय नाही, माणसानंसुद्धा चालायचं नाही. पाय पडला की गवत लोळतं, लोळलेलं कुजतं, मग त्याचं बी पडत नाही. दसरा झाला की दोरी टाकून डोंगराचे पट्टे पाडतात, घरटी एक. त्या एका पट्ट्यावर आमची जनावरं उन्हाळा काढतात.

राखणीची पाळी प्रत्येक घराला येते. आपल्या पाळीला कुणी घुसला आणि आपण त्याला धरला, तर दंड त्याला. निसटला, तर आपला पट्टा गेला. आणि राखणदारानं स्वतःच बंदी मोडली, तर विचारायलाच नको.

आदल्या वर्षी आमचा पट्टा गेला होता. पप्पांना राखणीला डुलकी लागली आणि कुणाच्यातरी वीस शेळ्या आत चरून गेल्या. मग चैतात वैरण संपली आणि आमची चंद्री म्हैस आईनं तिच्या भावाकडं नेऊन सोडली. जाताना आई चंद्रीशी बोलत गेली आणि येताना कुणाशीच बोलली नाही. ह्या वर्षी पट्टा मिळाला की चंद्री परत आणायची, असं ठरलं होतं. आणि पप्पांच्या भरवशावर राहायचं नाही, हेही ठरलं होतं. आई स्वतः डोंगराच्या खालच्या तोंडाशी बसली होती आणि मी वरच्या. पवनचक्क्यांसाठी केलेला डांबरी रस्ता तिथवर येतो, त्यानं मी सायकल ढकलत वर आणली होती.

आणि आता दोघं जण माझ्या डोळ्यांदेखत आत.

आईला फोन लावला. वाजला, वाजला, आणि पप्पांनी उचलला. "आईचा फोन घरीच हाय गं, चार्जिंगला."

डांबरीनं खाली जायचं म्हणजे नऊ किलोमीटरचा वळसा. तोवर ते दोघं पार हायवेला लागले असते. राखणदार पाठलागासाठी आत गेला तर चालतं, हे मला माहीत होतं. मी फांदी ओढली, सायकल आत घातली आणि बसले.

वरचा अर्धा डोंगर मुरमाड. गवत घोट्याएवढं, वाट दिसणारी. पहिल्या उतारालाच सायकलनं असा वेग घेतला की पुढच्या बास्केटमधला डबा उडून मागं गेला. मग शेंगा उडाल्या. मग बाटली. मी घंटी वाजवत होते, का वाजवत होते कुणास ठाऊक! ट्रिंग ट्रिंग ट्रिंग आणि तोंडानं "थांबा! ओ थांबा! बंदी हाय!" चेन खडखडत होती, चेनकव्हर खडखडत होतं, कॅरियर खडखडत होतं, माझे दातसुद्धा. माझ्या सायकलला पुढचा ब्रेक शोभेला होता आणि मागचा दाबला की नुसती मांजर ओरडल्यासारखी किंकाळी यायची. ती किंकाळी ऐकून पिवळ्या हेल्मेटवालीनं मागं बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला, की जणू वरून बुलडोझर येतोय.

दोघं बाजूला झाले. मी पाय घासत, धुरळा उडवत, त्यांच्या पुढं दहा पावलांवर जाऊन थांबले. थांबले म्हणजे उंबऱ्यानं थांबवलं.

डोंगराच्या बरोबर मधोमध एक खडकाची पायरी आहे, माणसाच्या कमरेएवढी खोल. तिला आम्ही उंबरा म्हणतो. त्याच्या खाली खरं गवत सुरू होतं.

"अगं, लागलं का तुला?" ती ताई धावत आली.

"मला काय लागतंय? तुमाला दिसत न्हाय व्हय? फांदी आडवी टाकलीया, चिंधी बांधलीया! बंद हाय डोंगर!"

"ती फांदी?" निळ्या हेल्मेटवाला म्हणाला. "आम्हाला वाटलं गुरं आत जाऊ नयेत म्हणून टाकलीय. म्हणून तर नीट परत ठेवली."

"गुरं जाऊ न्हाईत आन तुमी गेलेलं चालतंय व्हय?"

त्यानं गॉगल काढून हातात घेतला. ताई मात्र हसली. तिनं मोबाईल काढून दाखवला. त्यात आमचा डोंगर होता आणि त्यावर लाल रेघ. "ही बघ, ही वाट. कुणीतरी जानेवारीत गेलं होतं इथून."

"मग जानेवारीत या की! जानेवारीत मी च्या पाजते तुमाला. आता दसऱ्यापतूर पाय ठेवायचा न्हाय. आज आमची पाळी हाय. तुमी पळाला असता तर आमचं गवत गेलं असतं."

हे ऐकल्यावर दोघांचे चेहरे उतरले. खरंच उतरले. त्याचं नाव मिहिर आणि तिचं गार्गी, दोघंही पुण्याचे. सॉरी तर दोघांनी मिळून दहा वेळा म्हटलं. मी म्हटलं, सॉरी मला नको, देवळापाशी पंच बसतील, त्यांना सांगा.

गार्गीताई माझ्या सायकलभोवती एक चक्कर मारून आली. बास्केटला हात लावला, ब्रेक दाबून बघितला. मांजर ओरडली.

"ह्या सायकलवर उतरलीस तू? ह्या? आमच्या मागं?"

"मागचा ब्रेक लागतो थोडा."

"मिहिर, ऐकलंस? मागचा लागतो थोडा!" मग ती उंबऱ्याच्या कडेला गेली आणि खाली वाकून बघायला लागली. "तसंही आपण इथून मागंच फिरलो असतो. हा ड्रॉप बघ आणि लगेच ते वळण. मी चार वर्षं रेस करतेय, पण इथून नाही जाणार."

"इथून कुणीच नाही जाऊ शकत," मिहिर म्हणाला. "चालत जाणंही अवघडच."

मला हसू आलं. कारण दरवर्षी दसऱ्यानंतर आमच्या गावातल्या सगळ्या बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन तिथूनच उतरतात. उंबऱ्याच्या डाव्या कडेला, गवतानं झाकलेली, एक उतरती शिळा आहे. ती बाहेरच्यांना दिसत नाही. तिच्यावरून खाली, मग करवंदीच्या जाळीला उजव्या हाताशी ठेवून वळायचं, मग सरळ. मी पाचवीपासून ती वाट पायांनी पाठ केली होती.

"तुमी सायकली खांद्यावर घ्या," मी म्हटलं. "आल्या वाटंनं वर जावा, फांदी लावा आन डांबरीनं देवळापाशी या."

"येतो. नक्की येतो," गार्गीताई म्हणाली. "आणि तू?"

मी पण सायकल खांद्यावर घेऊन त्यांच्याबरोबर वर जायचं, हे इतकं उघड होतं की तिनं ते नुसतं बोलायचं म्हणून विचारलं असणार. मी पेडल उलटं फिरवून वर आणलं. समोर नुसतं गवत, कमरेएवढं, पोपटी, वाऱ्यानं सगळं एका बाजूला कलणारं. नागपंचमीपासून त्यात कुणी पाय घातला नव्हता.

"अगं ए!" गार्गीताई ओरडली तेव्हा माझं पुढचं चाक शिळेवर होतं.

शिळा ओली होती. चाक एक वीतभर घसरलं आणि माझं पोट तिथंच वर राहिलं, बाकीची मी खाली आले. धप्प! गवतात! गवत दोन्ही बाजूंनी हातांवर सपासप बसायला लागलं, पुढचं काही दिसत नव्हतं, पण मला बघायची गरजच नव्हती. हा खड्डा, ही दगडाची माळ, हा डावीकडचा उतार, आणि आली आली, करवंदीची जाळी! मी इतकी कलले की डावं पेडल जमिनीला घासलं, नडगीवरून काटे सर्रकन गेले आणि सायकल वळली! वळली! मी ओरडले. शब्द नव्हताच त्यात, नुसती आरोळी. टिटव्या उडाल्या. ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. एवढ्या जोरात आजवर काहीच माझ्या हातून झालं नव्हतं, आणि सगळं मला येत होतं, सगळं!

खालच्या तोंडाची काटेरी फांदी मात्र मी विसरले होते. सायकल फांदीत आणि मी सायकलीवरून फांदीच्या पलीकडं, थेट आईच्या पायांपाशी.

आई घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"कुठनं आलीस?"

"वरनं."

"त्ये दिसतंय. का?"

"दोघं जण घुसलं होतं सायकली घेऊन. मी धरलं त्यांना."

"कुठं हायत?"

"वर. उंबऱ्यापाशी धरलं. डांबरीनं येत्यात देवळापाशी."

"ते उंबऱ्यापाशी," आई हळू म्हणाली. "मग तू हितं का?"

आईनं वर बघितलं. उंबऱ्यापासून आमच्यापर्यंत गवतात एकच लोळलेली रेघ होती, भांग पाडल्यासारखी. मग खाली बसून माझ्या दंडातले काटे काढायला लागली. एकेक काटा जरा जास्तच जोरात.

"पंचांपुढं तोंड उघडायचं न्हाय," ती म्हणाली. "काय बोलायचं त्ये मी बोलंन."

देवळाच्या कट्ट्यावरून अख्खा डोंगर दिसतो. तासाभरात निम्मा गाव तिथं जमला. मिहिर आणि गार्गीताई खरंच आले, हेल्मेट हातात घेऊन उभे राहिले. मधोमध बिरूतात्या बसले होते. त्यांनी जन्मभर मेंढरं राखलेली. कुठल्या वाटेनं काय गेलं, हे ते माग बघून सांगतात. पंचांत त्यांचा शब्द शेवटचा.

मिहिरनं सगळं कबूल केलं, फांदी परत ठेवल्याचंही. त्यावर लोक हसले.

"शिकलेली मान्सं," दामूअण्णा म्हणाले. ते दुसरे पंच. "चोरी करून दार लावून घेत्यात."

तात्यांनी दंड सांगितला. दसऱ्याला दोघांनी यायचं आणि दिवसभर गावाबरोबर गवत कापायचं. दोघांनी माना डोलावल्या. मग तात्या माझ्याकडं वळले. "पोरीनं एकटीनं दोघांना धरलं. पाठलागाला आत गेली, त्ये रीतीला धरून हाय. शाबास गं."

कट्ट्यावर सगळे माझ्याकडं बघत होते. आईनं पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर मला आमचा पट्टा दिसत होता, अगदी चंद्रीसकट.

"आता एकच ऱ्हायलं," तात्या म्हणाले आणि काठीनं डोंगराकडं दाखवलं. "उंबऱ्याच्या वर तीन सायकली गेल्या. खाली एकच चाकोरी हाय. ती कुणाची?"

इतक्या लांबून गवतात टायरची नक्षी दिसत नाही. नुसती रेघ दिसते.

आई देवळाच्या घंटेकडं बघायला लागली. मिहिर बुटांकडं. गार्गीताईनं एकदा माझ्या नडगीकडं बघितलं, सुकलेलं रक्त होतं तिथं, मग आईकडं बघितलं. आणि म्हणाली, "माझी."

"तुमची?"

"हो. मी एकटी पुढं गेले. ह्या मुलीचा काही संबंध नाही. ती वरच थांबली होती."

आईनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. तात्यांनी मान हलवली. मिटलं होतं सगळं. लोक उठायलासुद्धा लागले होते.

"आयला, बाई धाडसी हाय पर!" दामूअण्णा म्हणाले. "उंबऱ्यावरनं! सायकलीवर! आपण भारा घेऊन उतरताना देवाचं नाव घेतो."

"रेसमधली असंल."

"असणारच. फोटू काढून ठेवा रं बाईंचा."

"आपल्यात न्हाय असलं कुणी," दामूअण्णा म्हणाले. "आपल्या पोरीबाळींचं हे कामच न्हाय."

"ती न्हाय उतरली!"

हे मी बोलले, हे मला सगळे माझ्याकडं वळल्यावर कळलं.

"ती न्हाय उतरली! तिला शिळाच म्हाईत न्हवती! ती म्हणली मी न्हाय जाणार, आन हा म्हणला कुणीच जाऊ शकत न्हाय! मी उतरले! ती चाकोरी माझी हाय! सगळी! उंबऱ्यापासनं खालपतूर!"

गार्गीताईनं कपाळाला हात लावला. आईनं डोळे मिटले होते.

"डाव्या शिळंवरनं?" तात्यांनी विचारलं.

"व्हय."

"ओली असंल."

"व्हती. घसरलं चाक, पर सावरलं."

"मग फुडं करवंद."

"आत कलले. पेडल घासलं, ही नडगी सोलली." मी पाय पुढं करून दाखवला.

तात्या वाकून नडगी बघत राहिले. त्यांचे ओठ जरा हलले, हसू आलं की काय कळलं नाही. मग सरळ बसले आणि आईकडं न बघता म्हणाले, "नंदा, पट्टा गेला."

"व्हय तात्या," आई म्हणाली.

पुढच्या सोमवारी आमच्या मुख्याध्यापकांनी मला प्रार्थनेच्या वेळी पुढं बोलावलं. नुकसान सोसून खरं बोलणारी मुलगी, असं म्हणाले, टाळ्या वाजवायला लावल्या. मी मान खाली घालून उभी होते. लोकांना तो नम्रपणा वाटला. खरं बोलायचं म्हणून मी बोललेच नव्हते. गार्गीताईनं नुसता चोरीचा आळ घेतला असता तर मी खुशाल घेऊ दिला असता. पण ती माझा उतार घेऊन चालली होती, पुण्याला. गवताच्या बदल्यात तो देऊन टाकायला मला जमलं नाही. म्हशीच्या बदल्यातसुद्धा जमलं नाही, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी देवळापासून घरापर्यंत आई पुढं आणि मी सायकल ढकलत मागं. विहिरीपाशी मी विचारलं, "चंद्री?"

"ऱ्हाईल की मामाकडंच आणिक एक वरीस."

थोडं पुढं जाऊन ती थांबली, वळली. मला वाटलं आता बसणार एक. तिनं सायकलच्या कॅरियरला हात घालून ते हलवून बघितलं, पक्कं आहे का.

"उतरायला येतंय न्हवं एवढं? मग आता चढवायचं. ओढ्याकडंचं गवत, रोज शाळंच्या आधी दोन भारे. ह्या सायकलीवर."

ओढ्यापासून आमच्या घरापर्यंतचा चढ बघितल्याशिवाय ह्यातली गंमत कळायची नाही. भारा बांधला की सायकल माझ्यापेक्षा रुंद व्हायची. मी हँडल धरून पुढं ओढायची आणि आई मागून लोटायची. पहिल्या दिवशी आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या हातांना फोड आले, तिनं बघितले आणि तरीही नाही.

चौथ्या दिवशी, अर्ध्या चढावर, भाऱ्याच्या मागून आवाज आला. आई दिसत नव्हती, नुसतं गवत बोलत होतं.

"त्या शिळंवर माझा पाय घसरतो. दरसाल घसरतो. चाक कसं थांबलं गं तुझं?"

मी मागं वळून बघणार होते, पण सायकल सोडली असती तर भारा आईच्या अंगावर गेला असता. म्हणून समोर बघतच सांगायला सुरुवात केली. आधी चाक कुठं ठेवलं, मग अंग मागं कसं टाकलं, मग पोट वर राहिलं आणि मी खाली आले ते. आई मधेच विचारायची, "दगडाच्या माळंवरनं गेलीस का कडंनं?" "खड्डा भरला हाय का अजून तसाच हाय?" मी धापा टाकत टाकत सांगत होते, एकेक दगड, एकेक वळण. आमचं दार आलं तेव्हा मी करवंदीच्या जाळीपर्यंतच पोचले होते.

"भारा उतरव आधी," आई म्हणाली. "मग फुडचं सांग."